वय वाढवा की बाटली आडवी करा? ग्रामसभेला जाण्याआधीची तुलना

आमच्या कराड तालुक्यातल्या गावात पुढच्या ग्रामसभेसाठी दारूवरचे दोन ठराव तयार आहेत. एक मंडळाच्या पोरांनी लिहिलाय: दारू विकत घेण्याचं किमान वय सरकारने ३० करावं. दुसरा बचत गटातल्या बायकांचा: गावातलं देशीचं दुकान मतदान घेऊन बंद करावं. तिसरा कुणी कागदावर उतरवलेला नाही, पण पारावर तो रोज मंजूर होतो: "काय बी करा, पिणारा पितोयच." सातारा-सांगलीतल्या बऱ्याच गावांत थोड्याफार फरकाने हेच चाललंय. हात वर करण्याआधी कुठल्या उपायाने नेमकं कोण थांबतं, हे शेजारीशेजारी ठेवून बघावं म्हणून हा खटाटोप. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे माझा ओढा पोरांकडे जास्त असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आज वय किती आहे?

पोरांच्या ठरावाला पहिली ठेच इथेच लागते. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअरला २१. २०११ मध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणामुळे हा २५ चा आकडा गाजला, तेव्हा मतदानाला १८, नवरदेवाला २१ आणि पेल्याला २५ का, म्हणून शहरांत बरीच ओरड झाली होती. जगातल्या बहुतेक देशांत ही मर्यादा १८ च्या आसपास आहे. अमेरिकेची २१ सुद्धा तिकडे कडक समजतात. म्हणजे कागदावर आपण जगातल्या सगळ्यात कडक लोकांत मोडतो.

शेजारी मात्र तसे नाहीत. गोव्यात १८. कर्नाटकात २१, २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी ते नियमात १८ करण्याचा मसुदा काढला होता, विरोध झाल्यावर मागे घेतला. मिरजेतल्या बावीस वर्षांच्या पोराला रमची बाटली इथे घेता येत नाही, पण म्हैसाळ मागे टाकून कागवाडला गेला की येते. त्याने गाडीला किक मारायची तेवढी खोटी. सीमेलगतच्या मिरज आणि जत तालुक्यांतल्या गावांनी हा मुद्दा विसरू नये. साताऱ्याच्या वाई-पाटणला तो तितका लागू नाही.

आणखी एक गंमत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडे पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन रुपये, आजन्म हवा असेल तर हजार. हा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून दिला जातो, हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये चहा सांडला होता. एकदिवसीय परवान्याची पुस्तकं बऱ्याच ठिकाणी दुकानदारच मनाने भरून टाकतात. वय तपासण्याची जागा कायद्याने करून ठेवली होती ती हीच.

ठराव मुलासाठी की नवऱ्यासाठी?

दोन्ही ठराव वाचले की लक्षात येतं, ते दोन वेगळ्या माणसांबद्दल आहेत. मंडळाच्या ठरावातला माणूस सतरा-अठराचा आहे. पहिल्यांदा बिअर चाखतोय, गटारीला मित्रांबरोबर रानात बसतोय, ३१ डिसेंबरला उधार मागून पार्टीचे पैसे भरतोय. बायकांच्या ठरावातला माणूस चाळिशीचा आहे. सकाळी चपटी मारल्याशिवाय त्याचे हात स्थिर होत नाहीत, आठवड्याच्या पगारातला मोठा वाटा वाटेतच संपतो, घरी आल्यावर भांडी आपटतात आणि बायकोच्या अंगावर वळ उठतात.

वयाची अट चाळिशीच्या माणसाला काडीचीही लागत नाही. दुकान बंद झालं तर सतराच्या मुलाला फारसा फरक पडत नाही, कारण तो देशी पीतच नाही, त्याची बिअर तालुक्याच्या गावातून येते. सभेत हे दोन ठराव एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि 'पोरांचा का बायकांचा' असा वाद रंगतो, तेव्हा खरं तर दोघं दोन वेगळ्या आजारांची औषधं घेऊन आलेले असतात. तुमच्या गावात आधी कुठलं दुखणं मोठं आहे, ते ठरवा. पुढची तुलना त्यावरच अवलंबून आहे.

देशाचं चित्र सांगायचं तर २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्सने केलं होतं, १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं दिसलं. त्यातल्या साधारण पावणेसहा कोटींचं पिणं उपचाराची गरज पडेल इतकं बिघडलेलं. म्हणजे पिणाऱ्या तिघांत एक. हे प्रमाण वाचून पारावरचे लोकही जरा गप्प होतात.

वय वाढवल्याने फरक पडतो का? पडतो, पण कुठे ते पाहा

'पिणारा पितोयच' या पारावरच्या ठरावाला इथे उत्तर आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी वय २१ वरून १८-१९ वर आणलं आणि तरुणांचे गाडीचे अपघात वाढले. मग १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला: वय २१ करा, नाहीतर हायवेच्या निधीला कात्री. १९८८ पर्यंत सगळी राज्यं वळणावर आली. ज्या राज्यांनी वय वाढवलं, तिथल्या अभ्यासांत अपघात साधारण १६ टक्क्यांनी घटलेले दिसले. न्यूझीलंडने उलटं केलं, १९९९ मध्ये वय २० वरून १८ वर आणलं, आणि पुढच्या काळात कोवळ्या वयातल्या मुलांचे अपघात वाढल्याचं तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं.

आपल्या देशातही राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या वयोमर्यादांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केलाय. ज्या पुरुषांना कायद्याने पिण्याची मुभा होती ते जास्त पीत होते आणि बायकोला मारहाण करण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आपल्याकडे कायदा कोण पाळतं म्हणून हसणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं. अर्धवट पाळलेला कायदासुद्धा काही जणांना अडवतो.

पण वय वाढवल्याने दारू अडते कशी, हे कळल्याशिवाय ३० चा ठराव तोलता येत नाही. वय १८ असतं तेव्हा बारावीतला मोठा मुलगा अकरावीतल्या दोस्तांसाठी बाटली आणतो. दोघं एकाच वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेले. वय २१ केलं की आणणारा त्या वर्तुळातून बाहेर जातो, मागायला ओळख लागते, भिडस्त मुलं गळतात. इतकी साधी गोष्ट आहे ती. आता २५ चं ३० केलं तर सतरा वर्षांच्या मुलाच्या भोवतीचं काय बदललं? त्याला बाटली आणून देणारा मंडळातला दादा आधीही सत्तावीसचा होता. तो नसेल तर एकतीसचा मिळेल. आणि वय न विचारणाऱ्या दुकानदाराला २५ काय, ३० काय नि ५० काय.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, पुण्याच्या कल्याणीनगरने ते दाखवलं. मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या गाडीने दोघांना चिरडलं. त्याआधी तो मित्रांसोबत बारमध्ये बसला होता. २५ ची अट असलेल्या राज्यात सतराच्या मुलाला टेबलावर दारू मिळाली. त्यानंतर बारना टाळी लागली, अटका झाल्या, आठवडाभर जिकडेतिकडे ओळखपत्रं बघितली गेली. अशी तपासणी रोज होत असती तर आकडा वाढवायची गरज कुणाला वाटली नसती.

विरोधी बाजूचंही एक ऐकून ठेवा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कॉलेजप्रमुखांनी २१ चा फेरविचार करा म्हणून सह्या केल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पोरं पिणं थांबवत नाहीत, फक्त बंद खोलीत जाऊन भसाभस पितात. मला यात तथ्य वाटतं, पण निम्मंच. बंद खोलीत पिणारी पोरं कमी असतात, आणि रस्त्यावर गाडी घेऊन सुटणारी त्याहून कमी. आपल्याकडे गळीत हंगामात रात्री कराड-तासगाव रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. दोन बिअर घेऊन मोटारसायकलवर निघालेल्या पोराला ती ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. अशा रस्त्यांवर एक पोरगा जरी कमी प्याला तरी मोजावा लागतो.

वाढवायचंच असेल तर बिअरचं

वयाच्या आकड्यात एक भोक मात्र खरं आहे. बिअर हलकी म्हणून तिला २१. पण दुकानात माइल्ड आणि स्ट्राँग शेजारीशेजारी असतात आणि पोरांचा हात स्ट्राँगकडेच जातो. ८ टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल भरतं. विदेशी दारू ४२.८ टक्क्यांची, तिच्या नाइन्टीत, म्हणजे ९० मिलीत, साधारण साडेअडतीस मिली. म्हणजे एक स्ट्राँग बिअर ही नाइन्टीपेक्षा सरळसरळ जास्त. तरी 'बिअर म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य मी पालकसभेत, बापांच्या तोंडून, कितीदा तरी ऐकलंय.

मंडळाच्या पोरांना वयावरच ठराव मांडायचा असेल तर त्यांनी ३० सोडून स्ट्राँग बिअर २५ मध्ये घ्या अशी मागणी करावी. ती समजावून सांगता येते आणि ज्या वयात सवय पडते तिथेच ती लागू पडते. कारण सुरुवातीचं वय खरोखरच महत्त्वाचं असतं: अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण पुढे कधीतरी व्यसनी झाले होते, तर विशी किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. घरची परिस्थिती, स्वभाव यांचा वाटा त्यात असतोच, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

जाळीच्या अलीकडे

तालुक्याच्या गावातलं एक वाईन शॉप. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी चौकट, वर 'उधार बंद' आणि त्याच्या बाजूला वयाची पाटी, जिच्यावर कॅलेंडर लटकवल्यामुळे फक्त 'वर्षांखालील' एवढंच वाचता येतं. संध्याकाळी सातला गर्दी. पुढचा मुलगा पाठीला कॉलेजची सॅक अडकवून. आतून प्रश्न येतो: "खंबा का क्वार्टर?" दुसरा प्रश्न: "सुट्टे हायत का?" तिसरा प्रश्न नसतो. मुलाने मागे वळून मला पाहिलं, कॉलर चढवली आणि बाटली सॅकमध्ये, वहीच्या आणि डब्याच्या मधोमध, सरकवली. दुसऱ्या दिवशी तो वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर होता.

हेच दृश्य देशीच्या दुकानासमोर आणखी लहान वयाचं असतं. बापाने पाठवलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा पिशवी घेऊन उभा. त्याला पाहून कुणाला काही वाटत नाही, कारण 'तो कुठं पितोय, बापाला नेतोय'. २०१५ च्या बालन्याय कायद्यात यासाठी स्वतंत्र कलमं आहेत. १८ खालच्या मुलाला दारू देणं आणि मुलाकरवी दारूची ने-आण करवणं, दोन्हीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. २५ च्या नियमावर हसणारा दुकानदार या कलमांचं नाव काढलं की सरळ बसतो, हे मी पाहिलंय. तक्रार अर्जात ही कलमं लिहायला विसरू नका.

अमेरिकेत २१ चा आकडा टिकला त्यामागे कंटाळवाणं काम आहे. पोलीस आणि परवाना देणारी खाती कमी वयाच्या मुलांनाच गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवतात, दुकानदाराने विकलं की दंड, पुन्हा विकलं की परवान्यावर गदा. आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या माणसांना हातभट्टी शोधायची असते, गोव्याची चोरटी दारू पुणे-बेंगळूर महामार्गावर पकडायची असते, निवडणुकीत बंदोबस्त असतो. जाळीसमोर उभं राहून वय बघायला कोण रिकामं आहे? म्हणून वयाची तपासणी गावाच्या रेट्याशिवाय होत नाही.

आडवी बाटली

बायकांच्या ठरावाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो ठराव सरकारला शिफारस करून थांबत नाही, त्याला कायद्याने दात दिलेले आहेत. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, २५ टक्के सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नगरपालिकेच्या वॉर्डातही हे करता येतं.

मेख मतांच्या हिशेबात आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. हजार बायका यादीत असतील आणि सहाशेच आल्या, त्यातल्या ४९० जणींनी आडवी केली, तरी दुकान उभंच. लग्न होऊन गेलेल्या लेकी, मुंबईला माथाडी नवऱ्याबरोबर राहणाऱ्या सुना, अंथरुणाला खिळलेल्या आज्या, सगळ्या यादीत असतात आणि न आलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने पडते. दुकानवाल्याला मतं मागायची गरजच नाही. त्या दिवशी पलीकडच्या गावात हळदी-कुंकू किंवा देवदर्शनाची फुकट गाडी निघाली की त्याचं काम झालं.

जिंकल्यावर काय होतं? पहिले काही महिने खरोखर फरक पडतो, यात शंका नको. दुकान जवळ नसलं की पिणं कमी होतं. शाळेच्या वाटेवरचा घोळका जातो, संध्याकाळी बाई पिठाच्या गिरणीत बिनघोर जाते. एवढ्यासाठीसुद्धा मी आडवीच्या बाजूने हात वर करीन. पण त्यानंतर ढाब्यावर, किराणा दुकानाच्या मागे, कुणाच्या तरी गोठ्यात चोरून विक्री सुरू होते. जिल्ह्याच्या पातळीवर हे चंद्रपुरात झालं: २०१५ मध्ये दारूबंदी आली, चोरट्या आणि बनावट दारूच्या तक्रारी वाढल्याचं कारण देत २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बनावट दारूचा धोका तर जिवाचाच. मुंबईत मालवणीला २०१५ साली मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली, आणि तिथे दारूबंदी नव्हतीही. स्वस्त पिणारा माणूस जिथे दुकानातून हलतो, तिथे तो कुठे जातो हे बघणारी समिती मतदानाआधी तयार पाहिजे. ती नसेल तर मतदान सहा महिने पुढे ढकललेलं बरं, असं माझं मत आहे, आणि बचत गटातल्या काही जणींना ते मुळीच पटलेलं नाही.

वयाच्या अटीशी तुलना केली तर: वयाचा नियम मंत्रालयात बदलतो, आडवी बाटली गावात होते. वयाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, दुकानाचा दुसऱ्या दिवशी दिसतो. एक पोरांना लागू, दुसरी बापांना.

किंमत

यावर ग्रामसभेचा काही अधिकार नाही, त्यामुळे थोडक्यात. जगभरात दारू कमी करणाऱ्या उपायांत किंमत सगळ्यात वरच्या फळीत धरतात. स्कॉटलंडने २०१८ मध्ये दारूला किमान दर लावला आणि दारूमुळे थेट होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिला. लिथुआनियाने कर आधी वाढवला, मग २०१८ पासून वय १८ चं २० केलं, जाहिराती बंद केल्या, दुकानांच्या वेळा छाटल्या, सगळं एकदम. त्यामुळे फायदा कशाचा, हे वेगळं काढणं तिथे अवघड.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शुल्क वाढवलं. १८० मिलीचा किमान दर देशीला ८० रुपये, विदेशीला २०५, आणि मधे 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार १४८ ला. उद्देश तिजोरीचा होता, तब्येतीचा नव्हता, तरी कॉलेजच्या पोराला महाग दर बोचतोच. ज्या घरात रोजची चपटी ठरलेली आहे तिथे मात्र वाढलेले पैसे पोरांच्या दुधातून जातात. शिवाय गोव्याच्या दारूचा चोरटा धंदा दरातल्या फरकावरच जगतो.

उपचार, ज्यावर कुणीच ठराव मांडत नाही

एम्सच्या त्याच सर्वेक्षणातला सगळ्यात बोचरा आकडा: दारूच्या विळख्यात अडकलेल्या ३८ जणांत एकाला कसलेतरी उपचार मिळतात. बाकीचे ३७ शपथा घेतात. माळ घालतात, देवापुढे नारळ फोडतात, बायकोच्या डोक्यावर हात ठेवतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा दुकानात दिसतात.

यात एक वैद्यकीय गोष्ट प्रत्येक गावाला माहीत हवी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून त्याला देवऋष्याकडे नेतात आणि तो जिवानिशी जाऊ शकतो. दुकान बंद करण्याच्या दिवशी गावातल्या अशा माणसांची यादी आशाताईंकडे नसेल, तर आपण त्यांना हातभट्टीकडे तरी ढकलतो नाहीतर या अवस्थेत.

आपल्या जिल्ह्यांना यात पूर्ण हात वर करायची वेळ नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, जिल्हा रुग्णालय आहे. सांगलीकरांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. पिणारा तयार नसला तरी बायकोने एकटीने फोन केला तरी चालतो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. वय वाढवण्याने किंवा दुकान हलवण्याने जो माणूस थांबत नाही, त्याच्यासाठी एवढाच रस्ता आहे, आणि तो लांबचा आहे. पुन्हा पिणं हा त्या आजाराचाच भाग, म्हणून पहिल्यांदा घसरला की 'बघा, सांगितलं नव्हतं' म्हणणाऱ्यांना घरापासून लांब ठेवा.

मग हात कुठे वर करायचा?

तुमच्या गावात परवान्याचं देशी दुकान असेल आणि तक्रारी मारहाणीच्या, घरात पैसे न येण्याच्या असतील, तर बायकांचा ठराव. मात्र आधी मतदारयादी घेऊन बसा आणि बाहेरगावी असलेल्या बायकांना मतदानाला कोण आणणार ते नावानिशी ठरवा.

गावात दुकान नसेल आणि काळजी कॉलेजच्या पोरांची असेल, तर ३० ची मागणी करून गप्प बसणं म्हणजे चेंडू मुंबईला टोलवून मोकळं होणं. त्याऐवजी ठरावात तीन मागण्या घाला: तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात आणि बिअर शॉपीत ओळखपत्र पाहिल्याशिवाय विक्री नको, वयाची पाटी कॅलेंडरशिवाय दिसली पाहिजे, आणि स्ट्राँग बिअरला २५ लावा. पहिल्या दोन मागण्यांना कायदा बदलावा लागत नाही. प्रती राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना, पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना. पोच घ्या, शिक्का मारून.

चोरटी विक्री असेल तर वय आणि मतदान दोन्ही बाजूला ठेवा. बेकायदा विक्रीवर मतदान घ्यायचं नसतं, गुन्हा दाखल करायचा असतो. पोलीस पाटलाने आपला चुलतभाऊ म्हणून डोळेझाक केली असेल तर तक्रार थेट अधीक्षकांकडे द्यावी, निनावी दिली तरी चालते, पण जागा आणि वेळ अचूक लिहावी.

आमच्या गावात मी दोन्ही ठराव एकत्र करायचं सुचवलंय: मतदानाच्या निवेदनासोबत ओळखपत्राची मागणी आणि आशाताईंची यादी. मंडळाची पोरं ३० वर अडून आहेत, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांचं वय २५ ते ३० च्या मधलं आहे आणि आपण स्वतःवरच बंदी मागतोय याचा त्यांना अभिमान वाटतो. मला त्यांचं कौतुक आहे. त्यांना एवढंच म्हटलंय, की मग पुढच्या गटारीला अकरावीतल्या पोरांसाठी दुकानात तुमच्यातलं कुणी जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. त्यावर अजून चर्चा चालू आहे.